बेबी ऑस्टिनच्या चॅसीवर कूपे बॉडी : आधी माणसे बसवा, मग छत आखा

प्रश्नकर्त्यांकडे १९३० सालच्या ऑस्टिन सेव्हनची, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे बेबी ऑस्टिन म्हणत आले तिची, आखूड चॅसी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी पाया, आहे. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि चारही चाके जागेवर आहेत. मूळ टूरर (उघड्या) बॉडीचे लाकूड वाळवीने संपवले असून पत्र्यापैकी बॉनेट तेवढे उरले आहे. या चॅसीवर दोन माणसांची बंद कूपे बांधायची आणि तिचा मागचा भाग बुगाटी अटलांटिक या जुन्या फ्रेंच कूपेसारखा छतापासून शेपटीपर्यंत एका ओघात उतरता ठेवायचा, असा त्यांचा विचार असून बाजूने दिसणारे चित्रही त्यांनी काढून ठेवले आहे. बॉडी पत्र्याची करावी की फायबरग्लासची, सुरुवात कुठून करावी आणि नोंदणीचे काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. जुन्या गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

तुमचे चित्र सुंदर आहे, पण ते या गाडीचे नाही. अटलांटिक ज्या चॅसीवर उभी राहिली तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर, २९८० मिमी होते. तुमच्या चॅसीचा व्हीलबेस ६ फूट ३ इंच, म्हणजे १९०५ मिमी आहे. चित्र या मापात आणताना तुम्ही नकळत सगळी गाडी ६४ टक्क्यांवर आणली आहे. चॅसी, चाके, बॉनेट यांना ते चालून जाईल; परंतु त्याच हिशेबाने आत बसणारा १७० सेंमी उंचीचा माणूस १०९ सेंमीचा व्हायला हवा. माणूस लहान होत नाही, त्यामुळे छोट्या गाडीच्या बॉडीत सर्वांत मोठी आणि सर्वांत हटवादी वस्तू माणूसच असते. बॉडीची आखणी तिथूनच सुरू करावी लागते.

म्हणून पहिले काम कागदावर करू नका. चॅसी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा भरा आणि चॅसीच्या दोन्ही रुळांवर, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन पोलादी पट्ट्यांवर, तात्पुरते प्लायवूड टाका. स्टिअरिंग आणि पेडल जागेवर असू द्या. प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना, रुळांच्या आत, आसनाचा तळ जितका खाली नेता येईल तितका न्या. पूर्वीच्या रेसिंग ऑस्टिनमध्येही चालकाला असेच शाफ्टच्या शेजारी खाली बसवत असत. मग स्वतः बसा, आणि तुमच्यापेक्षा उंच असा घरातला कोणी असेल तर त्यालाही बसवा. दबलेल्या गादीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांमध्ये ते बहुधा ८८० ते ९२० मिमी भरते. त्यावर किमान ५० मिमी मोकळी जागा आणि छताची जाडी धरली की छताचा सर्वांत उंच बिंदू कुठे आणि किती उंचीवर येणार, हे ठरून जाते. त्यावर तुमचा माझा इलाज नाही.

आता हा बिंदू लांबीच्या दिशेने कुठे पडतो ते पाहा. आखूड चॅसीत पेडलपासून मागे पाय पसरायला जागा दिली की पाठीचा टेकू मागच्या अ‍ॅक्सलच्या अगदी जवळ जातो आणि डोके अ‍ॅक्सलच्या जेमतेम एक वीत पुढे येते. मूळ गाडीची एकूण लांबी सुमारे २६९० मिमी होती. त्यातून व्हीलबेस आणि पुढच्या चाकाची त्रिज्या वजा केली तर मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ४५० मिमीच उरतात. छत जमिनीपासून १४०० मिमीवर आणि शेपटीचे टोक ५०० मिमीवर धरले, तर ९०० मिमी खाली उतरायला तुमच्या हाती ६०० मिमी आडवे अंतर आहे. हा उतार ५५ अंशांच्या पुढे जातो. अटलांटिकची पाठ ज्यामुळे ओघवती दिसते ते लांबच लांब आडवे अंतर इथे नाही, आणि ती रेषा ओढूनताणून आणली की गाडीला पोक आल्यासारखे दिसते. शेपूट २०० मिमी मागे वाढवली तर उतार ४८ अंशांवर येतो आणि चित्र बरेच सुधारते. पण त्या वाढीव लांबीचे वजन कुठे पडते, याचा विचार त्याआधी करायला हवा.

ऑस्टिन सेव्हनची चॅसी वरून पाहिली तर इंग्रजी ए अक्षरासारखी आहे. दोन रूळ नाकापाशी एकत्र येतात, तिथे पुढचा आडवा पाटा, म्हणजे स्प्रिंग, बसतो; मागे मात्र रूळ अ‍ॅक्सलपर्यंत पोचतच नाहीत. ते अ‍ॅक्सलच्या पुढेच संपतात आणि त्यांच्या टोकांतून दोन पाव-लंबवर्तुळाकार पाटे मागे निघून अ‍ॅक्सलला धरतात. याचा अर्थ असा, की मागच्या भागाला खालून चॅसीचा आधार नाही. बॉडीची मागची फरशी अधांतरी असते आणि तिचे सगळे वजन पाट्यांच्या मुळाशी येते. शिवाय वळणावर गाडी कलली की दोन बाजूंचे पाटे वेगवेगळे वाकतात, त्यामुळे अ‍ॅक्सल किंचित तिरपा होतो आणि मागची चाके स्वतःच थोडे स्टिअरिंग करू लागतात. या गाडीचा हा जुना स्वभाव आहे. उंचावर किंवा अ‍ॅक्सलच्या मागे वजन वाढवले की तो स्वभाव बळावतो, आणि घाटातल्या उतारावरच्या वळणात त्याचा अनुभव घेण्याजोगा नसतो. म्हणून वाढवलेली शेपूट रिकामी आणि हलकी ठेवा. स्टेपनी शेपटीच्या टोकाला उभी टांगण्याचा मोह होईल, कारण ती दिसते छान. ती आसनांच्या पाठीमागे, अ‍ॅक्सलच्या शक्य तितकी जवळ, आडवी किंवा तिरपी ठेवा.

माझा सल्ला असा, की फास्टबॅकचा, म्हणजे एका ओघात उतरत्या पाठीचा, हट्ट सोडून छत डोक्याच्या मागे लहानशा गोलाईने खाली आणा आणि कमरेच्या रेषेपाशी एक हलका खळगा देऊन तिथून गोलसर शेपूट काढा. याच चॅसीवर हा प्रश्न पूर्वी सुटलेला आहे. ब्लॅकपूलच्या स्वॉलो कंपनीने, म्हणजे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्मस्ली या भागीदारांनी, १९२७ मध्ये ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली मोटारबॉडी चढवली आणि पुढच्या वर्षी बंद सलून आणली. मोटारसायकलच्या साइडकार बांधणारी ही कंपनी. तिचीच पुढे जग्वार झाली. त्यांच्या गाडीचे फोटो जवळ ठेवून पाहा. शेपूट गोल आहे, पण ओघवती दिसावी म्हणून कुठेही ओढलेली नाही. गाडी बुटकी आणि लांब दिसावी यासाठी त्यांनी खरे काम रंगाकडून करून घेतले. कमरेवरून एक उठावाची पट्टी बॉनेटपासून मागेपर्यंत फिरवली आणि पट्टीच्या वर एक रंग, खाली दुसरा रंग दिला. डोळा त्या आडव्या पट्टीमागे जातो आणि छताची उंची विसरतो. ज्या गाडीची उंची आपल्याला कमी करता येत नाही, तिच्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. गडद रंग खाली आणि फिका वर की उलट, हा आवडीचा प्रश्न आहे. मी छत आणि मडगार्ड गडद ठेवतो.

मापे हाती आल्यावर भिंतीवर पूर्ण आकाराचे रेखाटन करा. गाडी तीन मीटरपेक्षा लहान असल्याने कोणत्याही गॅरेजच्या भिंतीवर ते मावते. प्लायवूडचे तक्ते पांढरे रंगवून भिंतीला ठोका, दर १०० मिमीवर उभ्या-आडव्या रेघा मारा, त्यावर आधी चाके, मग रूळ, मग बसलेला माणूस काढा आणि शेवटी चिवट लाकडाची पातळ पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून छताची रेषा शोधा. पट्टी हाताने काढलेल्या रेषेपेक्षा प्रामाणिक असते, कारण तिला जिथे वाकायचे नाही तिथे ती वाकत नाही. त्यानंतर प्लायचे छेद आणि तारा वापरून पूर्ण आकाराचा सांगाडा चॅसीवरच उभा करा, तो बाहेर उन्हात न्या आणि दहा-पंधरा पावले लांबून पाहा. संगणकावर त्रिमिती आराखडा करणार असाल तर जरूर करा, त्याने छेद कापणे सोपे होते. पण तो सांगाड्याची जागा घेत नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण पत्रा की फायबरग्लास या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. ७४७ सीसीचे तुमचे इंजिन नवे असताना सुमारे साडेदहा अश्वशक्ती देत होते. मूळ उघडी गाडी साडेतीनशे-पावणेचारशे किलोंच्या घरात होती; त्यात दोन माणसे बसली की दीडशे किलोंची भर पडते. संपूर्ण बॉडी, म्हणजे सांगाडा, पत्रे, काचा, आसने आणि मडगार्ड धरून, १२० किलोंच्या आत बसवण्याचे उद्दिष्ट ठेवा. मडगार्डसह बाहेरचा पृष्ठभाग ८ चौरस मीटर धरला, तर ०.९ मिमी लोखंडी पत्र्याचे वजन ५६ किलो होते, ३ मिमी फायबरग्लासचे ३६ आणि १.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमचे २६. फायबरग्लासची आणखी एक अडचण लोक लक्षात घेत नाहीत. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात ऑस्टिन सेव्हनवर चढवण्यासाठी फायबरग्लासची कवचे तयार मिळत, ती एका साच्यातून अनेक निघत म्हणून परवडत. एकच बॉडी करायची असेल तर आधी पूर्ण आकाराचा नग घासून गुळगुळीत करायचा, त्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून बॉडी काढायची, म्हणजे एका गाडीसाठी तीन गाड्यांचे काम. म्हणून माझे उत्तर लाकडी सांगाडा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असे आहे.

लाकडाबाबत इंग्रजी पुस्तके अ‍ॅशचा आग्रह धरतील. ते लाकूड वाफेवर सुंदर वाकते, पण आपल्याकडे सहज मिळत नाही आणि त्याच्यामागे लागण्याची गरजही नाही. जुना, पूर्ण वाळलेला सागवान घ्या. मोडलेल्या वाड्यांचे वासे मिळाले तर उत्तम. सागाला तेल असते, म्हणून इपॉक्सी गोंद लावण्यापूर्वी सांध्याचे तोंड अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावे लागते, नाहीतर सांधा काही महिन्यांत सुटतो. जिथे मोठी गोलाई आहे तिथे लाकूड वाकवण्याऐवजी पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून कमान करा. पत्रा मऊ अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. छताच्या पन्हळीसाठी आणि मडगार्डच्या काठांसाठी कड तारेवर वळवून घ्या, म्हणजे ती फाटत नाही. अ‍ॅल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकते तिथे रबर किंवा जाड कापडी पट्टी हवीच, विशेषतः गाडी कोकणात किंवा मुंबईत राहणार असेल तर. दमट खाऱ्या हवेत असा सांधा पांढऱ्या भुकटीत बदलतो.

छत मात्र पत्र्याचे करू नका. लाकडी कमानींवर पातळ प्लाय किंवा कापडी अस्तर ताणून वरून रेक्झिन चढवा. वजन सर्वांत वर असते तिथेच ते वाचते, पत्र्यासारखा ढोलाचा आवाज येत नाही आणि दोन्ही दिशांना गोल असलेला मोठा पत्रा ठोकणारा कारागीर शोधण्याची वेळ येत नाही. हे त्या काळाला धरूनही आहे. एवढा मोठा पत्रा एका दाबात काढणारे प्रेस तेव्हा कारखान्यांकडे नव्हते. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले ते १९३५ च्या गाड्यांवर. त्याआधी छताच्या मधल्या भागाला कापड असणे हीच सर्वसाधारण पद्धत होती, आणि त्या काळचे बॉडी-निर्माते चार्ल्स वेमन यांच्या पद्धतीत तर सगळी बॉडीच कापडाने मढवलेली असे, आतल्या लाकडाचे सांधे एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये फट ठेवून धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असत.

वेमन यांनी तसे का केले, ते तुमच्या चॅसीलाही लागू आहे. ही चॅसी पिळते. खड्ड्यात एक चाक उतरले की तिची दोन टोके वेगवेगळ्या दिशांना कलतात, आणि उघड्या टूररला जे चालून गेले ते बंद बॉडीला चालत नाही. दरवाजे अडकतात, काच तडकते. बॉडी चॅसीला दहा ठिकाणी घट्ट बोल्ट करून तिच्याकडून चॅसी ताठ करून घेण्याचा प्रयत्न करू नका, लाकूड ते काम करू शकत नाही. पुढे इंजिनमागच्या भिंतीपाशी दोन ठिकाणी घट्ट धरा आणि मागच्या आडव्या पट्टीवर रबराच्या बैठकीवर सोडा. सांगाडा दरवाज्यांसह उभा राहिला, पण पत्रा चढलेला नाही, अशा अवस्थेत एक परीक्षा घ्या. पुढच्या एका चाकाखाली जॅक लावून ते ७५ मिमी उचला आणि दोन्ही दरवाज्यांच्या फटी मोजा. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट ३ मिमीपेक्षा जास्त बदलली तर दोष खांबाच्या मुळाशी आहे. तिथे लोखंडी कोन बसवा, दरवाजा तासू नका. दरवाजा तासून जमवलेली फट दुसऱ्या चाकाखाली जॅक लावला की तोंड उघडते.

दरवाज्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरी बांधलेल्या बॉड्या इथेच ओळखू येतात. बिजागऱ्या पुढे ठेवा. मागे बिजागऱ्या असलेला दरवाजा चालत्या गाडीत सुटला तर वारा त्याला पूर्ण उघडतो. बॉडीची बाजू वरून खाली फुगीर असते, पण तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एकाच सरळ रेषेत आल्या पाहिजेत. त्यासाठी फुगवट्याच्या जागची बिजागरी पत्र्यालगत बसते आणि वरची व खालची लांब हाताच्या, बाहेर आलेल्या कराव्या लागतात. खांब पक्का करण्यापूर्वी तिन्ही बिजागऱ्यांच्या छिद्रांतून एक सरळ ६ मिमीची सळई ओवून पाहा. सळई हाताने फिरली पाहिजे. ठोकून घालावी लागली तर दरवाजा पहिल्या दिवसापासून कुरकुरेल आणि वर्षभरात स्क्रू लाकडातून ओढून काढेल. वरची बिजागरी किंचित बाहेर ठेवली तर दरवाजा आपोआप उघडतो, आत ठेवली तर उघडलेला दरवाजा आपोआप मिटतो, म्हणून दोन्ही दिशांनी ओळंबा लावा.

काचा सपाटच वापरा. पुढची काच लॅमिनेटेड असणे आवश्यक आहे, आणि वाकवलेली लॅमिनेटेड काच एका गाडीसाठी करून घेणे परवडणारे नाही. हवे असल्यास मधोमध दांडी देऊन दोन सपाट काचा किंचित कोनात बसवा. त्यामुळे चेहऱ्याला टोकदारपणा येतो. दरवाज्याची काच खाली उतरवायची ठरवली तर आधी दरवाज्याचे चित्र पाहा. खालचा मागचा कोपरा चाकाच्या कमानीने कापलेला आहे, त्यामुळे पूर्ण काच आत मावतच नाही. दोन तुकड्यांची सरकती काच सोपी, हलकी आणि पातळ दरवाज्यात बसणारी आहे. सगळ्या काचा मिळून एक चौरस मीटर झाल्या तरी ५ मिमी जाडीला साडेबारा किलो होतात, तेव्हा मागची खिडकी लहान ठेवणे दिसण्याइतकेच वजनाच्याही फायद्याचे आहे.

इंजिनमागच्या भागाची, म्हणजे काउलची, उंची कमी करण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या सालच्या गाडीत पेट्रोलची टाकी पुढेच, उंचावर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरते. टाकी खाली घेतली तर चढावर पेट्रोल पोचणार नाही आणि पंप लावावा लागेल. शिवाय बंद बॉडीत टाकी आणि माणसे यांच्यामध्ये एकच पातळ भिंत असल्याने तिच्यातले प्रत्येक भोक रबरी बुचाने बंद झाले पाहिजे. उन्हाळ्यासाठी पुढची काच वरच्या कडेवर उघडणारी करा आणि काउलवर एक झडप द्या. या दोन्ही नसतील तर मे महिन्यात ही गाडी कोणी चालवणार नाही. पावसासाठी दरवाज्यांवर पन्हळ, दरवाज्यांच्या तळाला छिद्रे आणि लाकडाच्या प्रत्येक कापलेल्या टोकाला इपॉक्सीचे दोन हात.

नोंदणीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण पैसे खर्च करण्याआधी तो सोडवा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. त्यात ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज मानली जाते, परंतु ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नवी कूपे बॉडी चढवलेल्या गाडीला विंटेज गाड्यांसाठीच्या व्हीए मालिकेचा क्रमांक मिळेल असे धरून चालू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका आणखी स्पष्ट केली. त्या काळी नुसती चॅसी घेऊन बॉडी वेगळी बांधून घेण्याचा रिवाज होता. कलकत्त्याची स्ट्यूअर्ट आणि मद्रासची सिम्पसन या कंपन्या ते काम करीत. त्यामुळे तुमच्या जुन्या नोंदणी पुस्तकात बॉडीच्या प्रकारापुढे काय लिहिले आहे, याला फार महत्त्व आहे. तिथे टूरर असेल तर आरटीओकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय लाकूड आणू नका. उत्तर नकारार्थी आले तर त्याच सांगाड्याच्या पद्धतीने मूळ टूरर पुन्हा बांधणे हा मार्ग उरतो, आणि तोही कमी समाधानाचा नाही.

कोणत्याही परिस्थितीत चॅसी कापू नका, तिला वेल्डिंग करू नका आणि नवी भोके पाडू नका. मूळ बोल्टांची भोके पुरेशी आहेत. म्हणजे पुढे कोणाला मूळ बॉडी चढवायची झाली तर मार्ग खुला राहील. बॉनेट जपून ठेवा आणि नवी बॉडी त्याच्या मागच्या कडेपासून सुरू करा; रेडिएटर आणि बॉनेट मूळ असले की उरलेली गाडी ऑस्टिन म्हणून ओळखली जाते.

पुढचा सल्ला नेमका देता यावा यासाठी तीन मापे कळवा : क्लच पेडलच्या तोंडापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर, रुळांच्या मागच्या टोकापासून त्याच अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर, आणि वर सांगितल्याप्रमाणे बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची. तिसरे माप १३५० मिमीच्या आत आले तर शेपूट १५० मिमी वाढवून भागेल. त्यापेक्षा जास्त आले तर आसनाचा तळ आणखी कुठे खाली नेता येतो ते आधी पाहावे लागेल.